हिवाळ्याआधी छपरावर हीटिंग केबल: नियोजन पाण्याच्या वाटेचं

आढ्याचं पाणी वळचणीला जातं, हा छपराचा साधा नियम. बर्फ पडणाऱ्या भागात हिवाळ्याचे काही आठवडे तो उलटतो. वळचणीला तुंबलेलं पाणी मागे सरकत आढ्याच्या दिशेने चढतं, सांध्यांखाली शिरतं आणि खाली ऑफिसच्या फॉल्स सीलिंगवर डाग उमटतात. दुकानं, गोदामं, हॉटेलं, इस्पितळं, शाळा अशा मोठ्या इमारतींत यावर उपाय म्हणून छपराच्या कडेला आणि पन्हळीत विजेवर तापणारी केबल टाकतात. केबल टाकणं फारसं अवघड नाही. ती कुठून कुठपर्यंत, किती, कोणत्या सर्किटवर आणि कधी टाकायची, हे ठरवण्यात खरं काम आहे. ते ठरवायची वेळ बर्फ दिसायच्या बरीच आधी येते.

कडेला बांध कसा तयार होतो

ताज्या भुसभुशीत बर्फात भरपूर हवा असते, त्यामुळे तो छपरावर गोधडीसारखा बसतो. इमारतीतून वर झिरपणारी उष्णता या थराखाली अडकते आणि बाहेर पारा शून्याखाली असतानाही बर्फ तळाकडून वितळायला लागतो. हे पाणी उतारावरून खाली येतं. भिंतीच्या बाहेर आलेल्या वळचणीखाली मात्र गरम खोली नसते, वरखाली दोन्हीकडे थंड हवाच. तिथे पोचल्यावर पाणी पुन्हा गोठतं. असं काही दिवस चाललं की कडेला बर्फाचा बांध उभा राहतो आणि त्याच्यामागे पाणी साचतं. कौलं, पत्रे, शिंगल्स ही वाहत्या पाण्यासाठी केलेली असतात. साचलेल्या पाण्यापुढे त्यांचे सांधे टिकत नाहीत.

कडेवरून लोंबणारे बर्फाचे सुळके हे याच गोष्टीचं बाहेरून दिसणारं रूप. प्रवेशद्वाराच्या किंवा पार्किंगच्या वर ते लोंबत असतील तर गळतीपेक्षा मोठी चिंता खालून जाणाऱ्या माणसांची असते.

सपाट छपराचं दुखणं वेगळं. तिथे पाणी कडेने पडत नाही, छपरातल्या निचऱ्याच्या तोंडांकडे किंवा कठड्यातल्या भोकांकडे जातं. ती तोंडं गोठली की छपराचं तळं होतं. एका चौरस मीटरवर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, आणि ते शेकडो चौरस मीटरवर पसरलेलं असतं. शिवाय पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून पाइपात अडकलेलं पाणी पाइप फोडू शकतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बांधाचं मूळ बहुतेक वेळा छपरातून निसटणाऱ्या उष्णतेत असतं. इन्सुलेशन पातळ आहे, छताखालची हवा खेळती नाही, स्वयंपाकघराचा किंवा एसीचा गरम झोत नेमका छपराच्या एका भागावर पडतो, दिव्यांच्या फटींतून गरम हवा वर जाते. हे दुरुस्त करता येत असेल तर आधी ते करावं. जुन्या इमारतीत सगळं छप्पर उघडणं शक्य नसतं, किंवा छपराचा आकारच असा असतो की पाणी एका कोपऱ्यात येऊन अडतं. तिथे केबलला पर्याय राहत नाही. पण कंत्राटदाराने छताखाली डोकावूनही न पाहता थेट केबलचं कोटेशन दिलं, तर तो अर्धाच प्रश्न सोडवतो आहे असं समजावं.

केबलकडून किती अपेक्षा ठेवायची

सर्वात मोठा गैरसमज हा, की केबल छपरावरचा बर्फ वितळवते. गणित करून पाहू. एक किलो बर्फ शून्य अंशावर नुसता वितळवायला ३३४ किलोजूल उष्णता लागते. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर जाडीचा घट्ट बर्फ म्हणजे सुमारे ९ किलो. छपरासाठी मिळणाऱ्या केबलची ताकद बर्फात मीटरमागे साधारण ३६ वॅट धरली आणि तिची उष्णता अजिबात वाया गेली नाही असं मानलं, तरी एक मीटर केबलला तेवढा बर्फ वितळवायला जवळजवळ २४ तास लागतात. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते.

म्हणजे केबल छप्पर साफ करणार नाही. ती बर्फातून आपल्या जाडीपेक्षा थोडी रुंद अशी एक चर उघडी ठेवते, आणि वितळलेलं पाणी त्या चरीतून बाहेर पडतं. एवढं लक्षात आलं की नियोजनाचा प्रश्न बदलतो. किती क्षेत्रफळ गरम करायचं हे विचारण्याऐवजी पाणी छपरावरून जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने जातं हे विचारावं लागतं. त्या वाटेवर एकही टप्पा थंड राहता कामा नये. कडेला केबल आहे, पन्हळीत आहे, पण पन्हळीतून खाली येणाऱ्या पाइपात नाही, अशी रचना पैसे वाया घालवते: पाणी पाइपाच्या तोंडाशी गोठतं, पन्हळ भरते आणि बर्फाच्या वजनाने तिचे ब्रॅकेट उखडतात.

पाण्याच्या मागोमाग चालत जा

छपराचा नकाशा हाती घ्या आणि आढ्यापासून पाण्याबरोबर खाली या. मागच्या हिवाळ्यात सुळके कुठे लोंबले, गळती कुठे झाली याचे फोटो असतील तर ते त्याच नकाशावर मांडा. देखभालीच्या माणसांना विचारा. कोणत्या कोपऱ्यात दर वर्षी फावडं घेऊन जावं लागतं हे त्यांना तोंडपाठ असतं.

उतरत्या छपराच्या कडेला केबल नागमोडी टाकतात. तिचं वरचं टोक बाहेरच्या भिंतीच्या रेषेपलीकडे, म्हणजे गरम भागाच्या वर, साधारण ३० सेंटिमीटर आत गेलं पाहिजे. वळचण भिंतीबाहेर ६० सेंटिमीटर असेल तर नागमोडीची उंची ९० सेंटिमीटर झाली. ती भिंतीच्या रेषेच्या अलीकडेच थांबली तर बांध थोडा वर सरकतो, एवढाच फरक पडतो. दोन शेजारच्या टोकांमधलं अंतर सहसा ६० सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात.

दोन उतार मिळतात त्या खोबणीत केबल वर नेऊन परत खाली आणतात. दोन्ही उतारांचं पाणी तिथे एकत्र येत असल्याने ती जागा चुकवून चालत नाही. उभ्या शिवणीच्या, म्हणजे पत्र्यांचे सांधे उतारावर उभ्या पट्ट्यांसारखे वर आलेल्या छपरावर नागमोडीऐवजी केबल शिवणीला धरून वर जाते आणि परत येते. पत्र्यावरून बर्फ एकदम घसरतो आणि जाताना केबलही ओढून नेतो. तिथे बर्फ अडवणारे गार्ड आधी बसवायला हवेत, आणि त्यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरायला हवा.

अरुंद पन्हळीला केबलची एक ओळ पुरते, रुंद असेल तर दोन समांतर ओळी. खाली येणारा पाइप जमिनीच्या वरच उघडत असेल तर केबल अगदी तोंडापर्यंत येते. तो जमिनीखालच्या ड्रेनला जोडलेला असेल, तर जमीन जिथपर्यंत गोठते त्या खोलीच्याही खाली ती उतरवतात. सपाट छपराचा निचरा इमारतीच्या आतून जात असेल तर केबल पाइपात गरम भागापर्यंत, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर आत गेली की पुरे, आणि निचऱ्याच्या तोंडाभोवती काही वेढे. बाहेर पडलेलं पाणी शेवटी कुठे जातं, हेही पाहा. ते फुटपाथवर पसरून गोठलं तर छपरावरचं संकट पायाखाली आलं.

कोणती केबल

बाजारात मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिली ठरावीक वॅटची. तिची तार सतत एकाच ताकदीने तापते, बर्फ असो वा नसो. स्वस्त पडते, पण बहुतेक जातींत ती ठरलेल्या लांबीतच येते आणि जागेवर कापता येत नाही. एकमेकींवर चढली किंवा पानांच्या ढिगाखाली दबली तर त्या ठिकाणी जास्त तापून जळू शकते.

दुसरी स्वनियंत्रित. तिच्यात दोन समांतर तांब्याच्या तारा असतात आणि त्यांच्यामध्ये कार्बन मिसळलेल्या खास प्लास्टिकचा गाभा. थंडीत गाभा आकसतो, कार्बनचे कण जवळ येतात, वीज वाहायला जास्त वाटा मिळतात आणि उष्णता वाढते. ऊब मिळाली की गाभा फुगतो, वाटा तुटतात, ताकद आपोआप उतरते. हे केबलच्या प्रत्येक इंचावर स्वतंत्रपणे घडतं: बर्फात बुडालेला भाग जोरात तापतो, शेजारचा कोरडा भाग साधारण निम्म्यावर. ती हव्या त्या लांबीला कापता येते. व्यापारी इमारतीच्या वेड्यावाकड्या छपरावर माझ्या मते हीच निवड योग्य, पहिला खर्च जास्त असला तरी. खनिज इन्सुलेशनची, धातूच्या आवरणाची एक तिसरी जात आहे. ती जास्त ताकदीची आणि दणकट असते, पण वळवायला ताठ आणि बसवायला कुशल हात मागणारी.

बाहेरच्या आवरणाकडे लोक लक्ष देत नाहीत. केबल वर्षभर उन्हात राहणार आहे, म्हणून अतिनील किरणांना टिकणारं आवरण लागतं. छप्पर डांबरी असेल तर सहसा फ्लुओरोपॉलिमरचं, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकचं आवरण सुचवतात. छपराच्या मेम्ब्रेनशी, म्हणजे पाणी अडवणाऱ्या थराशी, केबल आणि तिचा गोंद जुळतो का, हे मेम्ब्रेनच्या कंपनीकडून लेखी घ्या. खिळा किंवा स्क्रू मारून केबल बसवली तर छपराची वॉरंटी जाऊ शकते, आणि गळती थांबवायला गेलेल्या माणसाने छपराला नवी भोकं पाडली असं होतं.

लोडचा हिशोब

एक कल्पित इमारत घेऊ. कडा ६० मीटर, वळचण ६० सेंटिमीटर, एक ओळीची पन्हळ, सहा मीटर उंचीचे चार पाइप. वर सांगितलेल्या मापाने नागमोडी टाकली तर कडेच्या प्रत्येक मीटरला सुमारे ३.२ मीटर केबल लागते. म्हणजे कडेसाठी १९० मीटर, पन्हळीसाठी ६०, पाइपांसाठी २४, आणि जोडण्यांसाठी थोडी जास्तीची. एकूण २८० मीटर धरू. मीटरला ३६ वॅट म्हणजे जवळपास १० किलोवॅट, २३० व्होल्टवर सुमारे ४४ अँपिअर. कडा ६० मीटर आणि केबल २८०. हा आकडा पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का देतो, म्हणून पॅनेलमध्ये जागा आहे का हे सर्वात आधी पाहावं. नवा पॅनेल किंवा वाढीव लोड मंजूर करून घ्यायला केबल बसवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

स्वनियंत्रित केबलची एक खोड इथे कळायला हवी. थंडगार गाभ्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे चालू केल्यावर पहिली काही मिनिटं ती नेहमीपेक्षा बरीच जास्त करंट ओढते. नुसत्या ४४ अँपिअरवर सर्किटं वाटली तर कडाक्याच्या पहाटे ब्रेकर पडतो, नेमका तेव्हा केबल हवी असते. म्हणून उत्पादक तक्ते देतात: अमुक ब्रेकर, सुरू करतानाचं अमुक तापमान, तर एका सर्किटवर जास्तीत जास्त इतके मीटर. सुरुवातीचं तापमान उणे २० धरलं तर लांबी कमी मिळते, शून्य धरलं तर जास्त. तक्त्यातली सोयीची ओळ निवडायचा मोह टाळावा. सर्किटं एकदम चालू न होता काही मिनिटांच्या फरकाने चालू होतील अशी सोय केली तर मुख्य पुरवठ्यावरचा झटका कमी होतो.

ओल्या छपरावर वीज फिरवायची आहे, तेव्हा प्रत्येक सर्किटला अर्थ लीकेजपासून संरक्षण हवंच. उपकरणाच्या संरक्षणासाठी ते बहुधा ३० मिलिअँपिअरला तुटणारं असतं. केबलवर अर्थिंगची धातूची जाळी हवी, म्हणजे आवरण फाटल्यावर गळणाऱ्या विजेला वाट मिळते आणि संरक्षण वेळेवर काम करतं. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये बाहेरच्या बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणांसाठी स्वतंत्र कलम ४२६ आहे, आणि व्यापारी व औद्योगिक ट्रेस हीटिंगसाठी, म्हणजे अशा तापणाऱ्या केबलच्या यंत्रणांसाठी, आयईसी ६२३९५ हे आंतरराष्ट्रीय मानक. आपल्या ठिकाणी कोणता नियम लागू आहे हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून डिझाइनच्या टप्प्यावरच कळून घ्यावं.

चालू-बंद कोण करणार

वीजबिल केबलपेक्षा कंट्रोलरवर जास्त अवलंबून असतं. वरच्या इमारतीत केबल पूर्ण ताकदीने दिवसभर चालली तर सुमारे २४० युनिट जातात. कोरड्या केबलची ताकद निम्मी धरली तरी बर्फ नसलेल्या दिवशी १२० युनिट, कशासाठीही नाही.

हाताने चालू-बंद करायचं बटण स्वस्त, पण ते कोणीतरी विसरतोच. बर्फ साचून झाल्यावर चालू केली तर केबल आधीच हरलेली असते. वरचं २४ तासांचं गणित आठवा. साधा थर्मोस्टॅट पारा खाली गेला की चालू करतो, मग आकाश महिनाभर निरभ्र असलं तरी चालूच. तापमान आणि ओलावा दोन्ही पाहणारा सेन्सर यापेक्षा महाग, पण मोठ्या इमारतीत तो आपली किंमत वसूल करतो. तो पन्हळीत, पाण्याचा शेवटचा थेंब जिथे रेंगाळतो अशा सावलीच्या जागी बसवावा. उन्हातल्या बाजूचा सेन्सर सावलीतल्या बाजूचा निर्णय घेऊ शकत नाही, म्हणून दोन बाजूंचे झोन वेगळे ठेवा. बर्फ थांबल्यावरही केबल काही तास चालू राहील अशी वेळ कंट्रोलरमध्ये लावा, नाहीतर अर्ध्या वाटेतलं पाणी पाइपात गोठतं.

काही कंट्रोलर फार कडक थंडीत केबल बंद करतात, कारण तेव्हा काही वितळतच नाही. चांगलं इन्सुलेशन असलेल्या छपरावर हे बरोबर. ज्या छपरातून उष्णता निसटते तिथे उणे १५ लाही पाणी सुटतं. तिथे ही सोय विचार करूनच वापरावी.

कॅलेंडर उलटं मोजा

हे सगळं हिवाळ्याआधी करायचं कारण फक्त गर्दी टाळणं हे नाही. क्लिप चिकटवायचे गोंद आणि सीलंट थंड, ओल्या पृष्ठभागावर धरत नाहीत. त्यांच्या डब्यावर किमान तापमान लिहिलेलं असतं आणि सुकायलाही वेळ लागतो. थंडीत केबल ताठ होते, वळवताना आवरणावर ताण येतो. आणि बर्फाळलेल्या छपरावर माणसं चढवणं हा धोका घेण्यासारखा नाही. कोरड्या दिवसांतही सुरक्षा दोर लागतोच. स्कायलाइटवर पाय देऊ नका हे दर वेळी सांगावं लागतं.

म्हणून पहिल्या हिमाच्या नेहमीच्या तारखेपासून मागे या. त्याआधी काही आठवडे चाचणी संपलेली हवी. त्याआधी बसवणी, पन्हळी साफ आणि दुरुस्त झाल्यावर. त्याआधी साहित्य मागवणं, त्याआधी पॅनेलचं काम, आणि सर्वात आधी पाहणी व नकाशा. हे बहुतेक उन्हाळ्यात जाऊन पोचतं. छप्पर दोन-तीन वर्षांत बदलायचंच असेल तर दोन्ही कामं एकत्र करावीत. नवीन छपराखातर चांगली केबल उपटून टाकणं परवडत नाही.

बसवताना मेगर टेस्ट, म्हणजे केबलचं इन्सुलेशन शाबूत आहे का याची चाचणी, तीनदा घ्या: रीळ आल्यावर, केबल छपरावर लावल्यावर, आणि सगळ्या जोडण्या झाल्यावर वीज द्यायच्या आधी. पहिला आकडा चांगला आणि दुसरा पडलेला असेल तर आवरण बसवताना कापलं गेलं, हे तिथल्या तिथे कळतं. हे आकडे तारखेसह लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तुलनेला लागतात. आणखी एक, स्वनियंत्रित केबलच्या शेवटच्या टोकाला त्या दोन तांब्याच्या तारा कधीही एकत्र पिळायच्या नसतात. ते थेट शॉर्ट सर्किट होतं. टोक सुटं ठेवून सील करायचं. नव्या माणसाच्या हातून ही चूक हमखास होते, म्हणून टोकं झाकायच्या आधी कोणीतरी पाहून घ्यावीत.

पुढच्या वर्षांची देखभाल सोपी आहे: पानं काढणं, सुटलेल्या क्लिप बसवणं, मेगर, संरक्षणाचं टेस्ट बटण, आणि सेन्सरवर ओला बर्फ ठेवून सर्किट चालू होतं का ते पाहणं.

उशीर झालाच तर

बर्फ पडून गेल्यावर काम हाती आलं, तर सगळं छप्पर त्याच हिवाळ्यात उरकायचा हट्ट नको. सपाट छपराच्या निचऱ्यात आणि प्रवेशद्वारावरच्या पन्हळीत, जिथे क्लिपांचा गोंद फारसा लागत नाही, तिथे सुकी हवा पाहून केबल टाकता येते. बाकीच्या कडांखालची जागा दोरी लावून बंद करा. बांध हातोड्याने फोडू नका, त्यात छप्पर फुटतं. वाफेने बर्फ काढणारे प्रशिक्षित लोक असतात, त्यांना बोलवा. दरम्यान जमिनीवर उभं राहून दर आठवड्याला चारी बाजूंचे फोटो घेत राहा, तारीख आणि तापमानासह. वसंतात कंत्राटदार पाहणीला येईल तेव्हा त्याच्या पुढ्यात नकाशाबरोबर हे फोटो ठेवायचे, आणि छताखाली जायचा दरवाजा उघडून द्यायचा.